चादरीच्या अलीकडे

मंगळवार, १६ एप्रिल २०१३

गाडी ठरवली. आठवडाभरासाठी, भाड्याची, पांढरी, लहानशी. माझा नवरा लेन गेल्यावर आमची गाडी स्टुअर्टने विकली, तेव्हा मीच म्हटलं होतं की मेलबर्नमध्ये ट्राम असताना मला एकटीला गाडी कशाला हवी. आज त्याला फोनवर सांगितलं. म्हणाला, "आई, सदुसष्टाव्या वर्षी चारशे किलोमीटर एकटी जाणार? एका चहासाठी?"

हो, एका चहासाठी. कुराबिनचं जुनं हॉस्पिटल पाडणार आहेत. तिथे मी चौदा महिने नर्सची नोकरी केली, लग्नाआधी. येत्या शनिवारी गावकरी त्या इमारतीला निरोप देणार आहेत आणि पूर्वीच्या सगळ्यांना बोलावलंय. पत्र टाइप केलेलं आहे, खाली सेक्रेटरी म्हणून सी. डॉड अशी सही. सहीखाली शाईने एक ओळ: "तुम्ही तरी याच." खेड्यातल्या माणसांचं अगत्य अजून टिकून आहे म्हणायचं. माझा पत्ता त्यांनी कुठून मिळवला देव जाणे. लग्नानंतर आडनाव बदललं, त्यानंतर तीन घरं बदलली.

जावं की नाही हे तीन आठवडे ठरत नव्हतं. गेल्या महिन्यात पार्लमेंटमध्ये सरकारने त्या बायकांची माफी मागितली. लग्नाआधी बाळंत झालेल्या, ज्यांची मुलं काढून दत्तक दिली गेली त्या. सभागृहात बसून रडत होत्या, माझ्याच वयाच्या. मी इस्त्री करत होते. टीव्ही बंद केला, कारण कपड्यांकडे लक्ष राहीना.

त्याचा या जाण्याशी काही संबंध नाही. लिहायला बसलं की एकातून एक निघतं, म्हणून लिहिलं.


गुरुवार, १८ एप्रिल. कुराबिन

पोचले. पाठ धरली आहे, बाकी ठीक.

गाडी देणाऱ्या मुलीने करार वाचून दाखवला. कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही, दिवस मावळल्यावर गावाबाहेर काढायची नाही, कांगारू आडवे येतात. मी म्हटलं, बाई, मी चहाला चाललेय. ती हसली नाही.

शेवटचे शंभर किलोमीटर रस्ता सुताने आखल्यासारखा. दोन्ही बाजूंना पेरणीसाठी नांगरलेली लाल जमीन, मधूनच गव्हाचं उंच कोठार. समोरून येणारा प्रत्येक पिकअपवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो, हे मी विसरले होते. तिसऱ्या गाडीपासून माझंही बोट आपोआप उचललं गेलं. पोस्टाला कुलूप, बँकेच्या जागी केस कापायचं दुकान, तेही आठवड्यातून दोन दिवस. पेट्रोल भरलं आणि मोटेलवर आले, तर मालकीण रॉझलिन दारातच उभी.

"पांढरी भाड्याची गाडी. नेवने पंपावरून फोन केला, तुमची सिस्टर आली म्हणून." मोठ्या अंगाची, बोलकी बाई आहे. किल्ली देता देता म्हणाली, "कोरलचा जीव भांड्यात पडेल आता. दोन दिवस झाले, रोज विचारतेय."

कोण कोरल, असं मी विचारलं.

"कोरल डॉड. पत्र तिचंच ना. माहेरची हास्केट. तुम्ही इथे होतात तेव्हा पोरगी असेल."

मी म्हटलं, इतकी वर्षं झाली, किती माणसं येऊन गेली असतील. रॉझलिन माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली असं वाटलं. तिने मटणाच्या चॉप्सची ताटली खोलीवर पाठवली. एक घाससुद्धा गेला नाही. लांबचा प्रवास झाला की माझं असंच होतं.


शुक्रवार, १९ एप्रिल

सकाळी दाराखाली चिठ्ठी. दुपारी जेवायला या, कोठाराच्या पुढे डावीकडे वळा, नऊ किलोमीटर कच्चा रस्ता, दुधाच्या निळ्या कॅनची पत्रपेटी दिसेल. कोरल.

मी रॉझलिनला म्हटलं, त्यांना कळवा की जमणार नाही, गाडीच्या करारात कच्चा रस्ता बसत नाही. रॉझलिन हसली. "अहो, त्या करारात आमचं अख्खं गाव बसत नाही. धूळ बसली तर पाइपने धुऊन देते मी." पण नियम तो नियम, असं मी म्हटलं. तिने फोन लावला. पलीकडे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. रॉझलिन एवढंच म्हणाली, "बरं, बरं. मी नाही विचारणार."

मग पायी हॉस्पिटलकडे गेले. भोवती तारेचं कुंपण घातलंय, खिडक्यांवर फळ्या. मागच्या बाजूची एक फळी निघाली आहे. ती बाळंतपणाची खोली. आतलं काही दिसलं नाही, हिरवट भिंतीचा एक तुकडा तेवढा दिसला. तिथे मी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. एक माणूस कुत्रा घेऊन गेला, आणि तोच परत आला तरी मी तिथेच होते.

वही माझी आहे, दुसरं कोणी वाचणार नाही. लिहून टाकते.

लग्न न झालेली मुलगी बाळंत होत असली की तिच्या छातीपुढे चादर आडवी धरायची. दोन टोकं दोघींनी धरायची. बाळ दिसू द्यायचं नाही. एकदा तोंड पाहिलं की सोडवत नाही, तिचेही हाल आणि आपलेही, असं मेट्रन, आमच्या मुख्य सिस्टर, सांगायच्या. तेव्हा सगळीकडे तीच रीत होती. मी तेवीस वर्षांची होते, मेट्रनच्या पुढे बोलायची कोणाची छाती नव्हती. दुष्टपणा कोणाच्या मनात नव्हता. बाळाला चांगलं घर मिळतंय, मुलीला नवं आयुष्य, यात वाईट काय, असंच आम्हाला वाटायचं. मी फक्त चादर धरली.

कोरल हास्केटला तिच्या वडिलांनी पोट दिसू लागल्यावर मागच्या दाराशी आणून सोडलं, गाडीतून खालीही उतरले नाहीत. सतरा वर्षांची. चार महिने हॉस्पिटलच्या धुलाईत काम केलं तिने. गुणगुणायची. वेळ आली तेव्हा चादरीपलीकडून तिने तीनदा विचारलं, मुलगा की मुलगी. उत्तर द्यायचं नाही असा नियम होता. नाळ कापल्यावर बाळ माझ्या हातात दिलं आणि मी ते आतल्या खोलीत नेलं. सहाव्या दिवशी शहरातून एक गृहस्थ कागद घेऊन आले, सही झाली, आणि दुपारी बाळ गेलं. सगळं रीतसर.

तिने मला ओळखलं नसणार. टोपी आणि मास्कमध्ये आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो.


शनिवार, २० एप्रिल

गावच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. स्कोनचे छोटे गोल पाव, जॅम, स्पंज केक, मोठ्या किटलीतला चहा. पूर्वीच्यांपैकी मी आणि वॉली, दोघंच. वॉली तेव्हा वॉर्डबॉय होता, आता अठ्ठ्याऐंशीचा. त्याने सगळ्यांना ऐकवलं की सकाळची न्याहारी आणि रात्रीचं मढं एकाच ढकलगाडीवरून न्यायचो. कोणीतरी शी म्हटलं. "धुऊन, धुऊन," तो म्हणाला. "आणि न्याहारी आधी."

भिंतीवर जुने फोटो लावले होते. प्रत्येकाखाली नाव, सुंदर अक्षरात. माझाही होता. चार जणी व्हरांड्यात उभ्या, मी डावीकडून दुसरी. खाली लिहिलं होतं: सिस्टर ग्लेनिस वेल्स, १९६८–६९. बाकी तिघींची नुसती नावं होती, माझ्यापुढे मात्र सालंही. मी ते वाचत असताना शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं.

"अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "मी कोरल."

लहानखुरी आहे, पांढरे आखूड केस, हात मात्र पुरुषासारखे रुंद. तिने मला केकचा तुकडा दिला, वाटेत त्रास झाला का विचारलं. बाकी काही नाही. मला हायसं वाटलं.

मग तिने भाषण केलं. फार छोटं. या इमारतीत हजारावर मुलं जन्मली, ती म्हणाली, त्यातली बरीचशी आत्ता इथे बसून केक खाताहेत. लोक हसले. "त्यातली तेरा अशी आहेत की त्यांच्या आयांना त्यांचं तोंड दाखवलं गेलं नाही. तेरा हा आकडा मी रजिस्टरवरून काढलाय. त्यातलं एक माझं." तिचा नवरा क्लिफ दाराशी उभा होता, टोपी काढून दोन्ही हातांत धरलेली. "एवढंच सांगायचं होतं," ती म्हणाली. "स्कोन गार होताहेत."

चहाच्या वेळी हे इतकं उघड बोलायची गरज होती का, असं मला वाटून गेलं. लोकांना अवघडल्यासारखं होतं. पण दोन म्हाताऱ्या उठून तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या, हेही खरं.

मी लवकर निघाले. गाडी सुरू केली तोच ती काचेशी आली. "सिस्टर, सहा जणींना पत्रं पाठवली होती. तिघी वारल्या. एकीला आता स्वतःचं नाव आठवत नाही. एकीच्या मुलीने पत्र परत पाठवलं. तुम्ही आलात." मग म्हणाली, "उद्या घरी या. क्लिफने आज सकाळीच ट्रॅक्टर फिरवून रस्ता सारखा केलाय. तुमच्या गाडीला ओरखडासुद्धा उठणार नाही."

नाही कसं म्हणणार.


रविवार, २१ एप्रिल

कच्च्या रस्त्याने गेले. गाडीला काही झालं नाही.

स्वयंपाकघरात बसलो. क्लिफने चहा ओतला, माझ्याकडे न बघता "पेरणीचं बघतो" म्हणाला आणि बाहेर गेला. रविवारी ट्रॅक्टर शेडमध्येच उभा होता, मला खिडकीतून दिसत होता. तो त्याच्या पायरीवर बसून राहिला.

कोरल म्हणाली, मी तुम्हाला दोष द्यायला बोलावलं नाही. दोष देऊन झालाय, बरीच वर्षं. मग तिने सांगितलं. मुलीचा शोध तिने एकोणीस वर्षांपूर्वी सुरू केला. कायद्याने मुलीच्या परवानगीशिवाय काही कळत नाही. दत्तक नोंदींच्या कचेरीने मुलीला विचारलं, मुलीने नको म्हणून कळवलं. तीनदा. नाव नाही, गाव नाही, फोटो नाही. जिवंत आहे आणि बरी आहे, एवढं कळवलं. "म्हणजे माझ्या ओळखीचं असं तिला पाहिलेलं या जगात एकच माणूस उरलंय," ती म्हणाली. "तुम्ही तिला उचलून नेलंत. तिचा चेहरा कसा होता, सिस्टर?"

तिने हात मांडीवर ठेवले होते, शाळेतल्या मुलीसारखे.

मी सांगितलं. केस काळे होते, ओले, कपाळाला चिकटलेले. हनुवटीवर खळी होती. आधी एक डोळा उघडला, उजवा, आणि मग जरा वेळाने दुसरा, जसं काही विचार करून. मूठ तोंडाशी नेत होती. कोरल एकेक शब्द परत म्हणत होती, हळू. उजवा आधी? मी म्हटलं, उजवा आधी. ती रडली नाही. शेवटी म्हणाली, "खळी माझ्या आजीला होती," आणि उठून खिडकीशी गेली.

येताना तिने पिशवीभर अंडी दिली. परतीच्या वाटेवर मला इतकं हलकं वाटत होतं की मी मोठ्याने गाणं म्हटलं. इथे येऊन काहीतरी चांगलं घडलं माझ्या हातून. स्टुअर्टला फोन केला, म्हटलं, बरं झालं आले.

आता हे लिहिताना मात्र पेन अडतंय.

मला ते बाळ आठवत नाही. चौदा महिन्यांत कितीतरी बाळं हातातून गेली. काळे केस, खळी, आधी उजवा डोळा, हे सगळं स्टुअर्टचं आहे. तो जन्मला तेव्हा नर्सने त्याला माझ्या छातीवर ठेवलं होतं आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते, ते सगळं मी सांगितलं. मुद्दाम नाही केलं. तिने विचारलं, आणि तोंडातून तेच आलं. यात कोणाचं काय नुकसान आहे? तिला हवं होतं, तिला मिळालं. उद्या सकाळी निघायचं.


सोमवार, २२ एप्रिल

अजून कुराबिनमध्येच आहे.

सकाळी बॅग गाडीत ठेवली तर रॉझलिन डोळे पुसत बाहेर आली. "काळे केस होते म्हणे." कोरलने काल बहिणीला पर्थला फोन केला होता. चव्वेचाळीस वर्षांत दोघी बहिणी या विषयावर पहिल्यांदा बोलल्या. क्लिफने पंपावर नेवला सांगितलं. "खळी, आजीसारखी," रॉझलिन म्हणाली आणि मला मिठीच मारली. मी तशीच उभी राहिले, लाकडासारखी.

सत्तर किलोमीटर गेले. पुढच्या गावाबाहेर ट्रक थांबवायची जागा आहे, तिथे थांबले. थर्मासमधला चहा ओतला, प्यायले नाही. मनाशी म्हणत होते की आता परत जाऊन सांगणं हा तिच्यावर दुसरा घाव. खोटं आता तिचं झालं, ते काढून घ्यायचा मला काय अधिकार. हे मला पटतही होतं. मग लक्षात आलं, बाळं उचलून नेताना मेट्रन अगदी याच सुरात बोलायच्या. तिच्या भल्यासाठी. मी गाडी वळवली.

कोरल घरामागे झाडावरची पिवळी क्विन्सची फळं काढत होती, पायाशी बादली. मला बघून तिला आनंद झाला, तो चेहरा मी विसरणार नाही. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तो चेहरा तुझ्या मुलीचा नव्हता, माझ्या मुलाचा होता. मला काही आठवत नाही.

तिने हातातलं फळ बादलीत ठेवलं. आणखी एक तोडलं. आणखी एक. मग म्हणाली, "काल मी झोपले. क्लिफ म्हणाला, चाळीस वर्षांत तुला अशी झोपलेली पाहिली नव्हती."

तिने बादली पायाने पुढे सरकवली.

"ही एक झोप तू मला दिलीस आणि आता परत न्यायला आलीस." कालपर्यंत ती मला तुम्ही म्हणत होती. "मग तुला आठवतं तरी काय? काहीतरी आठवत असेल. कितीही बारीक. पण खरं."

घड्याळ, मी म्हटलं. चार वाजून दहा मिनिटं. वेळ लिहायचं काम माझं होतं, म्हणून मी बाळाकडे न बघता भिंतीकडे बघत होते. तू तीनदा विचारलंस ते आठवतं. मुलगी आहे हे ओठावर आलं होतं आणि मी गिळलं.

"आणि?"

मी म्हटलं, बस, एवढंच.

"आणि?" ती परत म्हणाली. आवाज चढवला नव्हता.

मग मी ते सांगितलं, जे या वहीतही मी लिहिलेलं नाही. शुक्रवारी मी लिहिलं, सही झाली. सही आपोआप होत नाही. सहाव्या दिवशी सकाळपासून मेट्रनच्या सांगण्यावरून मी तिला झोपेच्या गोळ्या देत होते, दोनदा दिल्या. ते गृहस्थ आले तेव्हा तिचं डोकं उशीवर ठरत नव्हतं. पेन तिच्या बोटांतून दोनदा गळलं. गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. मेट्रननी माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात माझ्या हातात धरला आणि कागदावरून फिरवला. कोरल हास्केट. अक्षरं माझी होती.

कोरल झाडाच्या बुंध्याला हात टेकवून खाली बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. मी पुढे झाले तर तिने हात वर करून मला थांबवलं.

"माझ्या हातावर हात होता," ती म्हणाली. "गरम. मला आठवतो. मी सगळ्यांना सांगायचे. माझ्या आईला सांगितलं, पाद्र्याला सांगितलं, शहरातल्या डॉक्टरला सांगितलं. ते म्हणायचे, गोळ्यांनी भास झाला असेल. नंतर मीही म्हणायला लागले, भास झाला असेल. स्वतःच्या हाताने पोर देऊन टाकलं आणि आता सोय म्हणून दुसऱ्याचा हात आठवतेय मी." ती बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. "होता तर."

ती आत गेली आणि कचेरीचं पत्र घेऊन आली. मुलीचा तिसरा नकार, दोन वर्षांपूर्वीचा. त्यात मुलीचं एक वाक्य उतरवलेलं आहे. "जिने स्वतःच्या हाताने सही करून मला दिलं, तिच्याशी मला बोलण्यासारखं काही नाही." कोरलने ते मला दोनदा वाचायला लावलं.

"लिहून देशील?" तिने विचारलं. "तुझ्या नावानिशी. गोळ्या, हात, सगळं. कचेरीमार्फत तिच्याकडे जाईल. वाचेल की नाही, ते तिचं तिने ठरवावं."

मी हो म्हटलं. मला माफ कर असंही म्हणणार होते. तिने माझ्या तोंडावर ते वाचलं असावं, कारण ती म्हणाली, "आज नको. आज माझ्याकडे तेवढं नाही." मग बादली उचलून आत गेली. क्लिफ मला गाडीपर्यंत सोडायला आला. त्याने माझं दार उघडून धरलं.


बुधवार, २४ एप्रिल. मेलबर्न

गाडी परत केली. तीच मुलगी होती. दाराच्या फटीत बोट फिरवून लाल धूळ बघितली. "कच्च्या रस्त्यावर नेली होती का?" मी म्हटलं, हो, दोनदा. ती जरा गोंधळली. बहुतेक लोक नाही म्हणतात, ती म्हणाली.


रविवार, ५ मे

सहा वेळा लिहिलं. पहिल्या कागदावर लिहिलं, "सही घेण्यात आली." दुसऱ्यावर, "मेट्रनच्या आज्ञेवरून सही घेतली गेली." मेट्रन वारल्या त्याला तीस वर्षं झाली. सहाव्या कागदावर लिहिलं, "तिचा हात मी धरला. अक्षरं मी काढली." नाव, जन्मतारीख, नर्सिंगचा नोंदणी नंबर घातला. कचेरीत जाऊन अधिकाऱ्यासमोर शपथेवर सही केली.

पाठवण्याआधी स्टुअर्टला दाखवलं. त्याला ते बाहेरून कळलेलं मला नको होतं. त्याने उभ्यानेच वाचलं, मग बसला आणि पुन्हा वाचलं.

"बाबांना माहीत होतं?"

नाही, मी म्हटलं.

"आणि माझा चेहरा सांगितलास तू त्यांना." एवढं मोठं सगळं लिहिलेलं, आणि त्याला तेच लागलं. मी म्हटलं, मला तेवढाच ठाऊक होता. त्याने कागदाची घडी नीट घातली, पाकिटात ठेवली. जाताना मला जवळ घेतलं नाही. पुढच्या रविवारी मुलांना आणणार होता, त्याबद्दलही काही बोलला नाही.

पाकीट पोस्टात टाकलं. टाकल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. गुडघे दुखत होते, म्हणून ट्रामने आले.


रविवार, २ जून

स्टुअर्ट मुलांना घेऊन आला. चार आठवड्यांनी. जेवणानंतर भांडी पुसता पुसता म्हणाला, "त्या बाईंनी तुला काही कळवलं?" नाही म्हटलं. तो म्हणाला, कळवतील. त्याला तसं खरंच वाटत होतं की माझी समजूत काढत होता, कळलं नाही. ताटं मात्र सगळी पुसून जागेवर ठेवली.


गुरुवार, १२ सप्टेंबर

सकाळी फोन वाजला. मी हॅलो म्हटलं. "कोरल बोलतेय."

मुलीचं उत्तर आलं. ती भेटायला तयार नाही. फोटो पाठवलेला नाही, पत्ता दिलेला नाही. पण माझं निवेदन तिने वाचलं. कचेरीतल्या बाईंनी सांगितलं की वाचल्यावर दोन महिने तिने काहीच कळवलं नव्हतं, आणि गेल्या आठवड्यात एका ओळीचा प्रश्न पाठवला. तिला एकच विचारायचंय. आईने मला काही नाव ठेवलं होतं का?

कोरलचा आवाज तिथे फुटला.

"ठेवलं होतं," ती म्हणाली. "धुलाईत काम करताना, पोटात असतानाच. मुलगी झाली तर हे. कोणाला सांगितलं नाही कधी. क्लिफलासुद्धा नाही. आज लिहून पाठवतेय." कागद समोरच असावा, सरकवल्याचा आवाज आला. "तुझ्यामुळे तिने विचारलं, म्हणून तुला कळवलं. माफ वगैरे केलंय असं समजू नकोस."

नाही समजत, मी म्हटलं.

"बरं." मग म्हणाली, "पाऊस चांगला झाला इकडे. गहू गुडघ्याएवढा आहे."

आम्ही फोन ठेवला. नाव काय ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते आधी तिच्या मुलीला कळू दे. पत्र उद्याच्या टपालाने निघेल, म्हणजे सोमवारपर्यंत कचेरीत पोचायला हवं.